खेळातून मनःस्वास्थ्याकडे : बालकांसाठी क्रीडोपचार

‘अभ्यास सोडून खेळत काय बसलास?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी दिवसातून एकदा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात मुलाचे हितच असते, यात शंका नाही. अभ्यास ही कामाची गोष्ट आणि खेळ हा रिकामपणाचा उद्योग, अशी वाटणी आपण मोठ्या माणसांनी केव्हाच करून ठेवली आहे. मुलाच्या लेखी मात्र ही वाटणी अस्तित्वातच नसते. अंगणात करवंटीत माती भरून भात शिजवणारी मुलगी, काठीचा घोडा करून घरभर दौडणारा मुलगा, बाहुलीला दटावून निजवणारी चिमुरडी यांच्याकडे क्षणभर थांबून पाहिले, तर ती मुले आपल्याला आलेल्या अनुभवांची जुळवाजुळव करीत असल्याचे दिसून येते. जे पाहिले, जे ऐकले, ज्याची भीती वाटली, ज्याचा राग आला, ते सारे खेळात पुन्हा एकदा घडवून पाहण्याची त्यांची धडपड असते.

मुलांच्या या स्वाभाविक प्रवृत्तीचा आधार घेऊन त्यांच्या मनावरील ताण हलका करण्याची एक उपचारपद्धती गेल्या शंभर वर्षांत विकसित झाली आहे. ‘प्ले थेरपी’ या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला ‘क्रीडोपचार’ म्हणता येईल. ही पद्धती काय आहे, तिचा उपयोग केव्हा होतो, आणि गावातील पालक, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांचा तिच्याशी कोणता संबंध येतो, याची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूल बोलून का दाखवीत नाही?

मोठ्या माणसाला दुःख झाले, तर ते आपल्या जिवलगापाशी मन मोकळे करते. आपल्याला काय होत आहे, ते कशामुळे होत आहे आणि पुढे काय होईल असे वाटते, हे ते शब्दांत मांडू शकते. पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ हे साधन पुरेसे तयार झालेले नसते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी बालकांच्या विचारशक्तीचा दीर्घ अभ्यास केला. निव्वळ अमूर्त कल्पनांवर विचार करण्याची शक्ती साधारणपणे अकराव्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते आणि त्याआधी मूल दिसणाऱ्या, हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधाराने विचार करते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच ‘तुला काय होतेय ते नीट सांग पाहू’ असे विचारले असता मूल खाली मान घालून उभे राहते. त्याला सांगायचे नसते असे नाही. सांगण्यासाठी लागणारे शब्द त्याला सापडत नाहीत.

न बोललेले दुःख मग दुसऱ्या वाटेने बाहेर पडते. इतके दिवस कोरडे निजणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. शाळेची वेळ झाली की पोटात दुखते आणि रविवारी दुखत नाही. कोणी वर्गात अकारण मारामारी करते, कोणी बोलेनासे होते, कोणी रात्री दचकून उठते. अशा वेळी घरातील माणसे आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावतात. कोणी मुलाला हट्टी ठरवतात, कोणी छडी उगारतात, कोणी दृष्ट काढतात. शारीरिक तक्रार असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवणे अवश्य आहे. परंतु तपासणीत काही निघाले नाही, म्हणजे मूल ढोंग करते असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होतो. त्याचे पोट खरोखरच दुखत असते. दुखण्याचे मूळ अन्यत्र असते.

हे मूळ बहुधा मुलाच्या जीवनातील एखाद्या उलथापालथीत सापडते. घरातील मृत्यू, आईवडिलांमधील भांडण, वडिलांचे मद्यपान, घरात आलेले नवे भावंड, गाव किंवा शाळा बदलणे, अपघात, इस्पितळातील वास्तव्य, घरात शिरलेले पुराचे पाणी, अशी कितीतरी कारणे असू शकतात. आपल्या गोव्यात कित्येक घरांतील कर्ता पुरुष जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीला असतो. महिनोन्महिने न दिसणारा बाप एके दिवशी खेळणी घेऊन येतो आणि मूल त्याला ओळखू लागते न लागते, तोच पुन्हा निघून जातो. मोठ्यांना यामागील व्यवहार कळतो. मुलाला फक्त जाणे दिसते.

शास्त्राची जडणघडण

खेळातून बालमनाचा वेध घेता येतो, ही गोष्ट प्रथम युरोपातील मनोविश्लेषकांच्या ध्यानात आली. व्हिएन्ना येथील डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ वर्णन केला आहे. दोरा बांधलेले एक लाकडी रीळ हा मुलगा आपल्या पाळण्याच्या पडद्याआड फेकी आणि ते दिसेनासे झाले की ‘गेले’ अशा अर्थाचा उद्गार काढी. मग दोरा ओढून रीळ बाहेर आणी आणि ‘आले’ असे म्हणून हर्षभरित होई. आई अधूनमधून घराबाहेर जात असे. आईचे जाणे थांबवणे त्याच्या हाती नव्हते. रिळाचे जाणे-येणे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती होते. जे सोसावे लागले, तेच खेळात स्वतः घडवून आणून मूल त्यावर काबू मिळवते, हा फ्रॉइड यांनी लावलेला एक अर्थ पुढील काळातील क्रीडोपचाराला मोलाचा ठरला.

त्यानंतर मेलनी क्लाइन यांनी बर्लिनमध्ये आणि १९२६ नंतर लंडनमध्ये लहान मुलांच्या उपचारांत छोट्या खेळण्यांचा पद्धतशीर वापर सुरू केला. मोठा माणूस उपचाराच्या वेळी मनात येईल ते बोलतो, त्याच्या जागी मुलाचा खेळ असतो, असे त्यांचे मत होते. फ्रॉइड यांची कन्या ॲना फ्रॉइड या मुळात प्राथमिक शिक्षिका. मुलाच्या प्रत्येक खेळात गूढ अर्थ शोधण्याची घाई करू नये, खेळाने प्रथम मुलाचा विश्वास संपादन करावा, असे त्या म्हणत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असताना त्यांनी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या सहकार्याने हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासगृहे चालवली. बाँबच्या आवाजापेक्षाही आईपासून झालेल्या ताटातुटीने मुले अधिक व्याकूळ होतात, हे त्यांचे निरीक्षण आजही बालकल्याणाच्या कार्यात मार्गदर्शक मानले जाते.

लंडनमधीलच बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मुलांसाठी एक केंद्र उघडले. तेथे वाळूने भरलेले पसरट तबक आणि माणसे, प्राणी, घरे, झाडे, वाहने यांच्या लहान प्रतिकृती ठेवलेल्या असत. मुले या वस्तू वाळूत मांडून आपापले ‘जग’ उभे करीत. हे नावही मुलांच्याच बोलण्यातून आले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डोरा काल्फ यांनी या पद्धतीचा विस्तार केला.

आज ज्या स्वरूपात क्रीडोपचार सर्वाधिक प्रचारात आहे, त्याचा पाया अमेरिकेतील व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी घातला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी उपचारकासाठी आठ तत्त्वे सांगितली. त्यांचा आशय थोडक्यात असा : मुलाशी स्नेहाचे नाते जोडावे, ते जसे आहे तसे त्याला स्वीकारावे, भावना व्यक्त करण्याची त्याला मोकळीक असावी, त्या भावना ओळखून त्याच्यापुढे आरशासारख्या धराव्यात, आपले प्रश्न सोडवण्याच्या त्याच्या शक्तीवर विश्वास ठेवावा, वाट मुलाने दाखवावी आणि उपचारकाने मागून चालावे, घाई करू नये, आणि आवश्यक तेवढीच बंधने घालावीत.

क्रीडाकक्षात काय घडते?

क्रीडोपचार प्रामुख्याने ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी वापरला जातो. सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सुमारे अर्धा ते पाऊण तास मूल उपचारकाबरोबर एका खोलीत असते. दिवस आणि वेळ न बदलण्याला फार महत्त्व आहे. ज्याच्या आयुष्यात सारेच अस्थिर झाले आहे, त्याला एक तरी गोष्ट ठरल्याप्रमाणे घडते असा दिलासा त्यातून मिळतो.

खोलीतील खेळणी भारी असण्याची जरुरी नाही. ती विचारपूर्वक निवडलेली असतात. पहिला गट रोजच्या जीवनाशी निगडित : बाहुल्यांचे कुटुंब, घर, चूलभांडी, डॉक्टरांची पेटी, गाडी, खेळातला टेलिफोन. दुसरा गट राग व भीती बाहेर काढण्यास वाव देणारा : वाघ, साप, मगर, सैनिक, बुक्के मारता येतील अशी उशी. तिसरा गट निर्मितीचा : माती, वाळू, पाणी, रंग, कागद, मुखवटे. आपल्याकडे भातुकलीची भांडी, करवंट्या, चिंचोके, शिंपले आणि चिंध्यांच्या बाहुल्या यांतून हे साहित्य सहज जमू शकते. शेजारच्या सावंतवाडीची लाकडी खेळणी तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत येत आहेत. बोलणाऱ्या, चमकणाऱ्या, यंत्रावर चालणाऱ्या खेळण्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही. कारण त्यांच्या बाबतीत सारे काही खेळणेच करते आणि मुलाने करण्यासारखे काही उरत नाही.

खोलीत आल्यावर काय खेळायचे हे मूल ठरवते. उपचारक त्याला शिकवीत नाही, त्याची परीक्षा घेत नाही, शाबासकीही सहसा देत नाही. तो लक्षपूर्वक पाहतो आणि जे दिसते ते साध्या शब्दांत सांगतो. ‘वाघाने सगळ्यांना खाऊन टाकले. आता घरात कोणीच उरले नाही.’ ‘तू ते कुलूप पुन्हा पुन्हा लावून पाहतो आहेस. आत कोणी येऊ नये असे तुला वाटते.’ एवढ्याने मुलाला कळते की आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे आणि जे आपल्याला सांगता येत नव्हते, ते समोरच्याला समजले आहे.

मोकळीक म्हणजे स्वैराचार नव्हे. मूल उपचारकाला मारू लागले, तर त्याला थांबवले जाते. त्याची रीत पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. प्रथम भावना मान्य करावयाची, मग मर्यादा सांगावयाची आणि लगेच दुसरी वाट दाखवावयाची. ‘तुला माझा फार राग आला आहे, हे मला कळते. पण माणसांना मारायचे नसते. मारायचेच असेल, तर ही उशी आहे.’ राग येणे हा गुन्हा नाही आणि रागाच्या भरात दुसऱ्याला इजा करता येत नाही, या दोन्ही गोष्टी मूल एकाच वेळी शिकते.

निजलेली बाहुली

पद्धती स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू. ते कोणा एका मुलीचे नाही. पण अशी मुलगी कोणत्याही गावात असू शकेल.

दुसरीत शिकणारी एक मुलगी. तिचे आजोबा वारले. लहान जीव घाबरेल म्हणून घरच्यांनी तिला सांगितले, ‘आजोबा झोपले आहेत.’ माणसे आली, आजोबांना घेऊन गेली, आणि ते परत आले नाहीत. त्या रात्रीपासून मुलगी झोपेना. डोळा लागलाच, तर दचकून उठे आणि शेजारी निजलेल्या आईला हलवून जागे करी. वर्गात तिला डुलक्या येऊ लागल्या. शिक्षकांनी आळशी म्हटले, घरी मार बसला, अंगारे-धुपारेही झाले.

अखेरीस कोणाच्या तरी सल्ल्याने तिला बालमानसतज्ज्ञाकडे नेले. पहिले दोन दिवस ती कोपऱ्यात उभी राहिली. तिसऱ्या खेपेस तिने एक बाहुली उचलली, वाळूत आडवी केली, तिच्यावर वाळू ओढून ती झाकून टाकली आणि लगेच घाईघाईने उकरून वर काढली. पुन्हा झाकली, पुन्हा काढली. असे कितीतरी वेळा. उपचारकाने उपदेश केला नाही. तो एवढेच म्हणाला, ‘बाहुली निजली. आता ती उठेल की नाही, याची तुला काळजी वाटते.’ मुलीने प्रथमच मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

हा खेळ आठवड्यामागून आठवडे चालला. मग एके दिवशी तिने बाहुली झाकली आणि वर काढली नाही. वाळूवर एक कागदाचे फूल ठेवले. त्या संध्याकाळी तिने आईला विचारले, ‘आजोबा झोपले नव्हते ना? ते वारले ना?’ एव्हाना उपचारकाने आईला तयार केलेले होते. आईने तिला जवळ घेतले आणि खरे ते सांगितले : आजोबा फार आजारी होते, ते वारले, वारलेले माणूस परत येत नाही, झोपणे वेगळे आणि मरणे वेगळे. दोघी पुष्कळ रडल्या. त्यानंतर हळूहळू मुलीला झोप लागू लागली.

प्रत्यक्षात प्रत्येक मुलाची कहाणी इतकी सरळ नसते. काहींना बराच काळ लागतो, काहींना अन्य उपचारांची जोड द्यावी लागते. परंतु या उदाहरणावरून दोन गोष्टी उघड होतात. मुलीच्या भीतीला तिच्या दृष्टीने सबळ कारण होते, कारण झोपलेला माणूस परत येत नाही असा तिचा अनुभव होता. आणि ज्या मायेपोटी घरच्यांनी सत्य लपवले, त्या मायेनेच तिची झोप उडवली होती. मृत्यूसारखी गोष्ट मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा सोप्या, पण खऱ्या शब्दांत सांगावी, हे यातून घ्यावयाचे.

गुण कितपत येतो?

अमेरिकेतील संशोधकांनी १९५३ ते २००० या काळातील ९३ नियंत्रित अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध केला. क्रीडोपचार मिळालेल्या मुलांत तो न मिळालेल्या मुलांच्या तुलनेने चांगली सुधारणा झाल्याचे त्यात आढळले. पालकांना शिकवून तयार केले आणि त्यांनी स्वतः मुलाबरोबर खेळाची बैठक घेतली, तेव्हा परिणाम अधिक ठळक होता. बैठकांची संख्या सुमारे ३५ ते ४० असता लाभ सर्वाधिक दिसला. तथापि त्याहून कमी बैठकांतही पुष्कळांना उपयोग झाला. यांतील जुने अभ्यास लहान गटांवर केलेले होते आणि त्यांच्या पद्धतीत उणिवा होत्या, हेही सांगितले पाहिजे. सारांश, क्रीडोपचार ही जादू नव्हे. योग्य मुलाला, योग्य हाताने दिलेला तो एक उपयुक्त उपचार आहे.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे. मूल उशिरा बोलते, हाक मारली असता पाहत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, अशी लक्षणे असल्यास स्वमग्नता, ऐकण्यातील दोष किंवा वाढीतील अन्य अडचण असू शकते. त्यासाठी वेगळी तपासणी आणि वेगळे प्रशिक्षण लागते. ‘मोठे झाले की सुधारेल’ म्हणून थांबल्यास मोलाची वर्षे वाया जातात.

आपल्याकडील परंपरा

खेळातून बालकाला समजून घेण्याची दृष्टी आपल्या देशाला परकी नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले आणि शिक्षणातून भय व शिक्षा हद्दपार करण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र उभारले. अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत पोहोचले. महागडी साधने न आणता पाने, बिया, शंख-शिंपले आणि माती यांतून शिक्षण देता येते, हे या दोघींनी सिद्ध केले. मुंबईत आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव गेली.

आपल्या सणांतही बालमनाची जाण आढळते. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील वाड्यावाड्यांवर नरकासुर उभा राहतो. लहान मुलेही कागद, गवत आणि जुने कपडे गोळा करून आपला छोटा नरकासुर करतात. ज्या राक्षसाचे भय वाटते, त्याचे दात आणि डोळे स्वतःच्या हाताने रंगवतात, आणि पहाटे त्याला जाळताना टाळ्या पिटतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेल येथे देवकीकृष्णाच्या मंदिरासमोरील मैदानात चिखलकाला होतो, तेव्हा आबालवृद्ध चिखलात लोळून कृष्णाचे खेळ खेळतात. एरवी कपड्याला डाग पडला तर रागावणारी माणसे त्या दिवशी मुलांबरोबर चिखलात उतरतात. हे उपचार नव्हेत. परंतु भय हाताळून लहान करणे आणि मोठ्यांनी मुलांच्या पातळीवर येणे, ही दोन्ही तत्त्वे त्यांत आहेत.

पालकांनी काय करावे?

अमेरिकेत १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या दांपत्याने पालकांनाच खेळाच्या बैठकीचे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. त्याचे सार कोणत्याही घरात आचरता येण्याजोगे आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास मुलासाठी राखून ठेवावा. त्या वेळात मोबाइल दूर असावा आणि अन्य कोणाचा व्यत्यय नसावा. काय खेळायचे ते मुलाला ठरवू द्यावे. मुलाने हिरवा कुत्रा काढला, तर ‘कुत्रा हिरवा असतो का?’ असे विचारू नये. ‘तू त्याला हिरवे केलेस’ एवढेच म्हणावे. प्रश्नांची सरबत्ती, दुरुस्ती आणि उपदेश यांना त्या अर्ध्या तासात सुट्टी द्यावी. मुलाने केलेल्या चुकीची शिक्षा म्हणून हा वेळ कधीही रद्द करू नये. वडील परगावी असल्यास आजी-आजोबा, मामा किंवा काका यांनी हा भार उचलावा. वडील कधी परत येणार हे मुलाला कळावे म्हणून दिनदर्शिकेवर रोज एक खूण करण्याचा साधा खेळही पुष्कळ आधार देऊन जातो.

शिक्षक व अंगणवाडी सेविका यांची भूमिका

शिक्षक व सेविका हे मुलाला दररोज पाहणारे, घराबाहेरचे पहिले साक्षीदार होत. मुलाच्या वागण्यात एकाएकी बदल दिसला आणि तो काही आठवडे टिकला, तर तो नोंदवून ठेवावा व पालकांशी एकांतात, दोष न देता बोलावे. वर्गाच्या कोपऱ्यात माती, रंग आणि बाहुल्या ठेवाव्यात. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे, याचे स्मरण ठेवावे. मनाने दुखावलेल्या मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवणे ही शिक्षा तर त्याच्या औषधावरच घाला घालते.

त्याचबरोबर आपली मर्यादाही ओळखावी. बालवाडीतील खेळ मुलाच्या वाढीला पोषक असतात. क्रीडोपचार हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम आहे. मुलाच्या चित्रावरून किंवा बाहुलीच्या खेळावरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितले, तर शांतपणे ऐकून घ्यावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि पुनःपुन्हा खोदून विचारू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशी माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावाची अब्रू किंवा घराण्याचे नाव यांसाठी ती दडपणे हा गुन्हा आहे.

साहाय्य कोठे मिळेल?

प्रथम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी केली जाते आणि जरुरीप्रमाणे त्यांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. त्या पथकापुढे मुलाच्या खोकल्याइतकीच त्याच्या वागण्याची तक्रारही निःसंकोच मांडावी. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेतही सल्ला घेता येतो. मनोरुग्णालयाचे नाव काढताच पुष्कळ लोक बिचकतात. तापासाठी डॉक्टरांकडे जाण्यात जसा कमीपणा नाही, तसा मनाच्या दुखण्यासाठी जाण्यातही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. खासगी तज्ज्ञाकडे जावयाचे असल्यास चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे किंवा नाही, याची चौकशी अवश्य करावी.

समारोप

संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात विश्रांती व खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली. ११ जून हा आंतरराष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळावा, असे राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२४ साली ठरवले. या घोषणांना अर्थ यावयाचा, तो आपल्या ओटीवर आणि अंगणात.

उद्या आपल्या घरातील मूल बाहुली मांडून बसलेले दिसले, तर नेहमीचा प्रश्न क्षणभर ओठांवरच थांबवावा. हातातले काम बाजूला ठेवून त्याच्या शेजारी जमिनीवर बसावे. ते बोलावील तेव्हा खेळावे, न बोलावील तर नुसते पाहावे. बाहुली कोणाला रागावते, कोणाची वाट पाहते, कोणाला निजवते आणि कोणाला उठवते, याकडे लक्ष द्यावे. कदाचित पुष्कळ दिवस आपल्याला जे सांगायचे राहून गेले होते, तेच ते मूल आपल्याला सांगत असेल.